सख्ख्या बहिणीचा गट

डॉ. रत्नाकर साळवे यांची माझी ओळख एका तक्रारीतून झाली. गुदाशयाच्या कर्करोगावरच्या नव्या उपचारांची एक बातमी मी दिल्ली कार्यालयातून पाठवली होती. मुंबईच्या डेस्कने ती छापताना ‘गुदाशय’ काढून ‘पोट’ घातलं. वाचक पेपर सकाळी चहाबरोबर वाचतात, असं कारण मला नंतर सांगण्यात आलं. दुपारी कार्यालयात फोन आला.

“पोटाच्या कर्करोगाची बातमी तुमची?”

“हो.”

“पोटात काय काय असतं, माहीत आहे?”

मी टिपणवही पुढे ओढली.

“जठर असतं, यकृत असतं, स्वादुपिंड असतं, बरंच काही असतं. तुम्ही ज्याबद्दल लिहिलंय ते सगळ्यांत शेवटी येतं आणि त्याला नाव आहे. ते नाव घेता येत नाही म्हणून लोक दाखवायला येत नाहीत. येतात तेव्हा उशीर झालेला असतो. त्यात आज तुमचाही हातभार लागला. बाकी बातमी बरी होती. कधी इकडे आलात तर चहा घ्यायला या.”

मी गेलो. दिल्लीतल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात ते शल्यविभागाचे प्रमुख होते. ठेंगणे, रुंद खांद्यांचे. डोक्यावर केस कमी आणि कानांत जास्त. मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. शल्यशास्त्र शिकायला आल्यापासूनचं सगळं आयुष्य दिल्लीत गेलेलं असूनही त्यांचं हिंदी नगरच्या बसस्टँडवरून पुढे सरकलं नव्हतं. “मेरे को बताओ, खून कबसे जाता?” असं ते विचारत आणि रुग्णांना ते नेमकं कळे. राहायला हिंदूरावला, टेकडीच्या बाजूला. सकाळी रिजवर, म्हणजे त्या टेकडीवरच्या जंगलात, फिरायला जात. हातात माकडांसाठी काठी आणि खिशात स्वतःसाठी पेरू. चर्चला क्वचित जात, दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मात्र न चुकता. विचारलं तर म्हणत, “चर्चमध्ये माझे रुग्ण भेटतात. गणपतीतही भेटतात, पण तिथे मोदक असतात.”

नव्या डॉक्टरांची तुकडी रुजू झाली की पहिल्या दिवशी ते उजव्या हाताची तर्जनी वर करून दाखवत. “हे यंत्र. याला वीज लागत नाही, टेंडर लागत नाही. माणूस एमआरआय घेऊन येतो, पेट स्कॅन घेऊन येतो, गावच्या वैद्याची पुडी घेऊन येतो. मूळव्याध म्हणून वर्षभर औषध घेऊन येतो. एवढ्या वेळात एकाही डॉक्टरनं बोट घातलेलं नसतं. ज्याला लाज वाटते त्यानं डोळ्यांचा डॉक्टर व्हावं. डोळे सभ्य असतात.”

त्यांच्या तोंडी एक वाक्य सतत असे: ठाऊक नाही. दिल्लीत हे वाक्य सहसा ऐकू येत नाही. इथे ऑटोवाल्याला पुढच्या मंत्रिमंडळाची यादी माहीत असते, पानवाल्याला लष्कराच्या हालचाली माहीत असतात, आणि नामवंत डॉक्टरला तर माहीत नसण्याची सोयच नसते. एकदा मी त्यांच्या खोलीत बसलेलो असताना दिल्लीतल्या रोहिणी भागातला एक व्यापारी वडिलांचे कागद घेऊन आला. साळव्यांनी सगळं पाहिलं, वडिलांना आत नेऊन तपासलं, हात धुतले.

“ठीक हो जाएंगे ना, डॉक्टर साहब?”

“मालूम नहीं. कोशिश करेंगे.”

व्यापाऱ्याने कागद गोळा केले. “तो जिसको मालूम है, उसका नाम बता दीजिए.”

साळव्यांनी खरोखर एका खासगी डॉक्टरचं नाव लिहून दिलं. तो गेल्यावर मला म्हणाले, “माणूस चांगला आहे. त्याला सगळं माहीत असतं. अडकला की मला फोन करतो.”

मंडळाच्या गणेशोत्सवात दरवर्षी एक आरोग्यविषयक व्याख्यान असे. एका वर्षी साळव्यांना बोलावलं. सचिवांनी पत्रिकेवर विषय छापला, ‘पचनसंस्थेची निगा’. सभागृह भरलं होतं. केंद्र सरकारातले आजी-माजी अधिकारी, त्यांच्या सौभाग्यवती, पैठण्या, अत्तर. साळवे माइकसमोर उभे राहिले आणि त्यांनी नमस्कार, आभार वगैरे काही न म्हणता विचारलं, “शौचातून रक्त गेलेलं कोणी कोणी पाहिलं आहे? हात वर करा.”

कर्ण्याचा आवाज शेजारच्या सोसायटीपर्यंत जात होता. एकही हात वर झाला नाही.

“छान. म्हणजे सगळे निरोगी आहेत. मग मी जाऊ का?”

लोक हसले. सगळ्यांत मोठ्याने हसल्या त्या पहिल्या रांगेत बसलेल्या सुमनताई भालेराव, साळव्यांच्या थोरल्या बहीण. व्याख्यान झालं. प्रसादाच्या टेबलापाशी एक निवृत्त संचालक साळव्यांच्या कानाशी आले.

“आमचे एक मित्र आहेत. त्यांना जरा तो त्रास...”

“किती दिवस?”

“मला वाटतं... त्यांना दोन-तीन महिने झाले असतील.”

“मित्राला म्हणावं, सोमवारी उपाशीपोटी या. किंबहुना तुम्हीच या. मित्राला आणायची गरज नाही.”

त्या संध्याकाळी असे बरेच मित्र निघाले. सुमनताई मात्र टेबलाच्या दुसऱ्या टोकाला द्रोण भरून देत होत्या.

त्याच सुमारास साळव्यांचा ट्रायल, म्हणजे दोन उपचारांची तुलना करून पाहणारी चाचणी, सुरू झाला. गुदाशयात अगदी खाली गाठ असेल तर रूढ उपचारांचा क्रम ठरलेला असतो. आधी किरणोपचार, मग शस्त्रक्रिया, मग केमो. या शस्त्रक्रियेत गुदद्वारही काढावं लागतं. शौचाची वाट पोटावर आणतात आणि तिथे जन्मभर पिशवी लागते. ट्रायलमधल्या पहिल्या गटाला हाच उपचार मिळणार होता. दुसऱ्या गटाला किरणोपचार आणि केमो दोन्ही आधीच द्यायचे. त्यानंतर गाठ पूर्ण नाहीशी झालेली दिसली तर कापायचंच नाही, फक्त ठरावीक काळाने तपासत राहायचं. गाठ उरली किंवा परत उगवली तर शस्त्रक्रिया. शेवटी कोणत्या गटातली माणसं अधिक जगतात आणि अधिक बरी जगतात, हे पाहायचं होतं. कोणी कोणत्या गटात जायचं हे डॉक्टर ठरवणार नव्हते, रुग्णही नाही. दुसऱ्या शहरात बसलेल्या संख्याशास्त्रज्ञांचा कॉम्प्युटर ठरवणार होता.

ही शस्त्रक्रिया दिल्लीत साळव्यांइतकी सफाईने फार कमी लोक करत. तिची गरजच नाही असं ठरण्याची शक्यता असलेला ट्रायल त्यांनी स्वतः मांडला होता. सहकारी म्हणत, साळवे स्वतःच्याच पोटावर पाय आणतायत. साळवे म्हणत, “आलाच तर कळेल तरी.”

दिल्लीने मात्र निकालाची वाट पाहिली नाही. दुसरा गट चांगला, कारण त्यात पिशवी टळू शकते, हे शहराने पहिल्याच महिन्यात ठरवून टाकलं. आणि चांगली गोष्ट मिळवायची रीत दिल्लीत एकच आहे. फोन येऊ लागले. एके दिवशी एका मंत्र्यांचे स्वीय सचिव स्वतः आले. सफारी, दोन मोबाइल. त्यांच्यासोबत चिठ्ठी होती आणि बाहेर व्हरांड्यात मतदारसंघातला एक रुग्ण. मीही त्या दिवशी तिथेच होतो.

“सर, मिनिस्टर साहब की रिक्वेस्ट है. इनको दूसरे ग्रुप में डलवा दीजिए.”

“मैं नहीं डालता. कंप्यूटर डालता.”

सचिवांनी समजूतदारपणे मान हलवली. हे उत्तर त्यांनी वेगवेगळ्या खात्यांत ऐकलेलं होतं. “जी, बिल्कुल. कंप्यूटर किसके अंडर आता है?”

“किसी के नहीं.”

“सर, किसी के अंडर तो आता होगा.”

“दूसरे शहर में है. स्टॅटिस्टिक्सवाले चलाते.”

“अच्छा. वहाँ के इंचार्ज का नंबर दे दीजिए. कौन से कॅडर के हैं?”

साळव्यांनी त्यांना चहा पाजला. पंधरा मिनिटं खर्च करून समजावलं की दुसरा गट चांगला आहे हे कोणालाच माहीत नाही. गाठ गेली असं वाटावं, आत ती लपलेली असावी आणि आपण बघत बसावं, असंही होऊ शकतं. आणि कुठला गट बरा हे माहीत असतं तर हा ट्रायल करणंच पाप ठरलं असतं. सचिवांनी सगळं ऐकून घेतलं. उठताना म्हणाले, “समझ गया, सर. मतलब ऊपर से कहलवाना पड़ेगा.”

रुग्ण ट्रायलमध्ये आलाच नाही. बहुतेक लोक असेच जात. जिथे शिफारस चालत नाही असं सांगतात, तिथे ती दुसऱ्या कोणाची तरी चालत असणार, असा दिल्लीचा अनुभव आहे. साळव्यांना रुग्ण मिळेनात. ट्रायल अर्ध्यावर बंद करावा लागेल अशी लक्षणं दिसू लागली.

सुमनताईंच्या आजाराचं कळलं ते असं. भालेराव वारले तेव्हा मुलगा नितीन लहान होता. सुमनताई एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होत्या. नोकरीचा बहुतेक काळ सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेला. साळवे शल्यशास्त्र शिकायला दिल्लीत आले तेव्हा त्याच क्वार्टरच्या मागच्या व्हरांड्यात राहिले. ताई पहाटे त्यांचा डबा करून ऑफिसला जात. निवृत्तीनंतर त्या दिल्लीच्याच एका टोकाला, द्वारकेला, नितीन आणि सून रीना यांच्याकडे राहायला गेल्या. एका सकाळी रीनाने त्यांना बाथरूममध्ये चक्कर येऊन पडलेलं पाहिलं. अंगात रक्तच उरलं नव्हतं. त्रास वर्षभराहून जास्त जुना होता. गणपतीतल्या व्याख्यानाच्या दिवशीही होता. सरोजिनी नगर मार्केटमागच्या गल्लीतला एक होमिओपॅथ त्यांना मूळव्याधीच्या गोळ्या देत होता. गोळ्या आणायला त्या द्वारकेहून मेट्रोने जात आणि येताना नातीसाठी फ्रॉक आणत, म्हणून घरात कोणाला शंका आली नाही.

साळव्यांनी विचारलं, “मला का नाही सांगितलंस?”

“तुला काय दाखवायचं ते?” ताई म्हणाल्या. “तुला मी अंघोळी घातल्यात.”

गाठ खाली होती, अगदी खाली. ट्रायलच्या सगळ्या अटींत बसणारी. साळवे बाजूला झाले. तपासणी, समजावून सांगणं, संमती घेणं हे सगळं त्यांचे सहकारी डॉ. आहुजा यांच्याकडे दिलं. ताईंनी आहुजांचं ऐकून घेतलं, पण वाटाघाटी त्यांनी भावाशीच केल्या. पुढचं बोलणं द्वारकेला जेवणाच्या टेबलावर झालं. मला ते नितीनने सांगितलं.

“मला दुसरा गट दे.”

“मी देत नाही, ताई. कॉम्प्युटर देतो.”

“सेक्शनमध्ये इतकी वर्षं काढली मी. कॉम्प्युटर काय करतो आणि त्याच्यामागे बसलेला काय करतो, ते मला नको सांगूस.”

“खरंच कोणी बसलेलं नाही.”

“तू भाऊ आहेस की कॉम्प्युटर?”

साळव्यांनी भात कालवला. “ट्रायलमध्ये यायलाच हवं असं नाही. नाही म्हणू शकतेस.”

“नाही म्हटलं तर काय कराल?”

“रूढ उपचार. शस्त्रक्रिया.”

“म्हणजे पिशवी. आणि आले तर निदान अर्धी आशा.” ताईंनी हिशेब केला आणि दुसऱ्या दिवशी सही केली.

कॉम्प्युटरने त्यांना पहिला गट दिला.

नितीन गुरुग्रामला एका कंपनीत मोठ्या पदावर आहे. तो तिथल्या एका खासगी रुग्णालयात कागद दाखवून आला. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की आपण औषधांनीच गाठ घालवू, ऑपरेशन नाही, पिशवी नाही, हंड्रेड पर्सेंट. नितीन थेट साळव्यांच्या खोलीत आला.

“मामा, यार, तुम्ही हेड आहात! आईला पिशवी लागणार आणि तुम्ही बघत बसणार?”

“गुरुग्रामचा पर्याय आहे,” साळवे म्हणाले. “ट्रायलमधून केव्हाही बाहेर पडता येतं. कारण द्यावं लागत नाही.”

हेच त्यांनी ताईंना फोनवर सांगितलं. किरणोपचार सुरू व्हायच्या दिवशी व्हरांड्यात पुन्हा सांगितलं, तिथे आहुजाही उभे होते. शब्द तेच, आवाजाची पट्टी तीच. ताईंना तो कोरडेपणा वाटला. “बाहेर पडता येतं, बाहेर पडता येतं. मंत्रालयातसुद्धा लोक इतक्या वेळा दार दाखवत नाहीत,” त्या नितीनला म्हणाल्या. तो गाडी काढायला तयार होता. ताई म्हणाल्या, “मी कुठे जाणार नाही. साळव्यांची बहीणच ट्रायलमधून पळाली, हे मला मंडळात ऐकायचं नाही.”

त्यानंतरच्या रविवारी मी रिजवर साळव्यांबरोबर होतो. ते काठी आपटत चालत होते. मग म्हणाले, “तिनं जावं असं मला वाटत होतं.”

“मग सांगायचं.”

“काय म्हणून सांगायचं? भाऊ म्हणून सांगितलं तरी ते प्रमुखानंच सांगितल्यासारखं झालं असतं. मग ट्रायल बंद केलेला बरा. आणि प्रमुख म्हणून सांगायचं तर मला ठाऊक नाही कुठलं बरं.” त्यांनी खिशातून पेरू काढला. “बाहेर पडता येतं, हे तीनदा सांगितलं. याहून मोठ्यानं कसं सांगायचं?”

एवढ्यात माकडाने पेरू नेला. काठी त्यांच्या हातातच होती.

किरणोपचार संपले. ठरल्या वेळी शस्त्रक्रिया झाली. रक्ताच्या नात्यातल्या माणसावर शस्त्र धरायचं नाही हा त्यांच्या विभागातला रिवाज होता आणि तो साळव्यांनीच पाडलेला होता. शस्त्रक्रिया आहुजांनी केली. साळवे पूर्ण वेळ शेजारच्या खोलीत बसून राहिले. तिथला शिपाई त्यांच्यापुढे चहा ठेवत राहिला आणि ते पीत राहिले. हे ताईंच्या कानावर गेलं. शुद्धीवर आल्यानंतर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, “दिल्लीभरच्या लोकांचं कापलंस. माझ्या वेळी चहा प्यायलास.”

तरीही तोपर्यंत बोलणं चालू होतं. ते बंद पडलं तपासणीच्या अहवालावरून. काढलेला भाग प्रयोगशाळेत तपासला गेला. त्यात कर्करोगाची एकही जिवंत पेशी सापडली नाही. किरणोपचारांनीच गाठ संपलेली होती. अहवाल याहून चांगला असू शकत नाही. आहुजांनी अभिनंदन केलं. नितीनने वॉर्डात काजू कतली वाटली. रीनाने देवाचे आभार मानले. ताईंनी अहवाल हातात घेतला, सेक्शनमध्ये टिपणी वाचावी तसा सावकाश वाचला आणि भावाकडे पाहिलं.

“म्हणजे आत काही नव्हतंच.”

“नव्हतं.”

“मग कापलं कशाला?”

या प्रश्नाला नात्यात चालणारी अनेक उत्तरं आहेत. साळव्यांनी खरं उत्तर दिलं. “कापल्याशिवाय ते कळलं नसतं, ताई.”

ताईंनी अहवालाची घडी घातली, उशीखाली ठेवला आणि नितीनला सांगितलं की पडदा ओढ, मला झोपायचं आहे. त्यानंतर त्यांनी भावाचा फोन उचलला नाही. केमोला आल्या तरी आहुजांना भेटून जात. नाताळात दरवर्षी त्यांच्याकडून हिंदूरावला करंज्यांचा डबा जाई. त्या वर्षी गेला नाही. साळवे दोनदा द्वारकेला जाऊन आले. दोन्ही वेळा ताई आतल्या खोलीत झोपल्या होत्या, दुपारी बारा वाजता.

आणि नेमका याच काळात ट्रायल भरू लागला. कारण कळायला मला वेळ लागला नाही. बाहेरच्या बाकांवर बसलं की ऐकू येई. सोनिपतचा एक म्हातारा नव्याने आलेल्या जोडप्याला सांगत होता, “यहाँ किसी की नहीं चलती, भाई. डॉक्टर साहब की सगी बहन का नंबर भी थैली वाले में लगा.” जोडप्यातल्या नवऱ्याने विचारलं, “सगी?” म्हाताऱ्याने छातीवर हात ठेवला. “सगी.” त्या दोघांनी त्याच दुपारी नाव नोंदवलं.

फोन येणं बंद झालं. जिथे सख्ख्या बहिणीचं चाललं नाही तिथे आपल्या चिठ्ठीचा काय उपयोग, हे मंत्रालयांपर्यंत पोचलं. रुग्ण येत, समजून घेत, सही करत आणि कॉम्प्युटर देईल तो गट निमूट घेत. इतर शहरांतल्या केंद्रांनी साळव्यांना विचारलं की तुम्ही लोकांना समजावण्याची कोणती पद्धत वापरता. एका परिषदेत त्यावर बोलायचं आमंत्रणही आलं. ते गेले नाहीत.

“इतकी वर्षं मी घसा कोरडा केला,” ते मला म्हणाले, “की आम्ही कोणाला फसवत नाही. एकालाही पटलं नाही. ताईचं पोट बघितलं आणि पटलं. हे परिषदेत काय सांगू? प्रत्येक केंद्रानं एक बहीण आणावी म्हणून?”

ते हसले नाहीत. पूर्वी असं काही बोलले की आधी स्वतः हसत. या दिवसांत त्यांनी शस्त्रक्रियाही कमी केल्या, आहुजांकडे दिल्या. विभागात कुजबुज होती की साहेबांचं लक्ष नाही. लक्ष होतं; ते मोबाइलवर होतं. तो वाजला की कोणाचा आहे ते पाहत आणि परत उपडा ठेवत.

या ट्रायलवर रविवार पुरवणीसाठी लेख लिहायचं आमच्या डेस्कने ठरवलं. बहिणीची गोष्ट त्यांनाही कळली होती आणि ती त्यांना फार आवडली होती. मी म्हटलं, खुद्द बहिणीला विचारल्याशिवाय लिहिणार नाही. सुमनताईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “फोनवर नाही. घरी या रविवारी.” फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, “त्यालाही आणा. रस्ता आठवत असेल तर.”

साळव्यांच्या निवृत्तीला तेव्हा काही महिने उरले होते. आम्ही मेट्रोने गेलो. थंडीचे दिवस होते. त्यांनी वाटेत लाल गाजरं घेतली, बरीच. ब्लू लाइनवर ती द्वारकेपर्यंत मांडीवर घेऊन बसले. दार ताईंनीच उघडलं. मी त्यांना आजारानंतर प्रथमच पाहत होतो. वजन उतरलेलं, पण साडी कडक इस्त्रीची, केस नीट विंचरलेले. पिशवी आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

“गाजरं कशाला?” त्या म्हणाल्या. “हलव्याला किसणार कोण, तू?”

“किसतो.”

“बस.”

त्यांनी मला मुलाखत दिली. नेमकी, तारीखवार, कोणालाही दोष न देता. निवृत्त सेक्शन ऑफिसर देतील तशी. भावाकडे त्या पाहत नव्हत्या. नितीन कोपऱ्यात मोबाइल चाळत होता. मी विचारलं, ट्रायलमधून बाहेर पडायची मुभा असताना तुम्ही राहिलात, त्याचा पश्चात्ताप होतो का? त्या म्हणाल्या, “रोज होतो. सकाळी जास्त. पुढचं विचारा.” साळवे जमिनीकडे पाहत होते. मी पुढचं विचारलं. ते झाल्यावर त्या उठल्या.

“रत्ना, आत ये जरा. प्लेट सुटल्यासारखी वाटतेय.”

पोटावर चिकटवायच्या ज्या चकतीला पिशवी अडकवतात, तिला प्लेट म्हणतात; तिचं मधलं भोक मापाने कापून घ्यावं लागतं. साळवे उठून उभे राहिले. पोटावरचं ते तोंड त्यांनी आयुष्यात कित्येक लोकांना करून दिलं होतं. पुढचं काम नर्सचं असे.

“मी? ताई, त्याला सिस्टर असते, मी उद्या कोणाला तरी पाठवतो.”

“द्वारकेत रविवारी मी सिस्टर कुठून आणू? तुझ्या ट्रायलमधलं आहे, तूच बघ.”

दोघं आत गेले. दार लोटलं गेलं, पण पूर्ण लागलं नाही. रीना चहाचा ट्रे घेऊन आली, तिने रिकाम्या खुर्च्या पाहिल्या.

“मामा कुठे गेले?”

“आईची प्लेट सुटली आहे,” नितीन म्हणाला. “ती बदलतायत.”

“अरे, पण मम्मींनी सकाळीच तर बदलली.” ती ट्रे हातात धरून उभी राहिली. “आणि त्या कोणाला हातच लावू देत नाहीत. तुला तरी दिली आहे का कधी बघायला?”

नितीनने मोबाइल खाली ठेवला आणि दाराकडे पाहिलं. आतून कपाटाचं दार उघडल्याचा, मग कात्रीचा आवाज आला.

“गोल काप.”

“गोलच कापतोय.”

“याला गोल म्हणतात तुमच्या विभागात?”

“ताई, जरा हलू नकोस.”

“मी हलत नाहीये. तुझा हात हलतोय.” मग पुन्हा ताईंचा आवाज, पहिल्यापेक्षा हळू. “रडतोस काय? चष्म्यावर पडेल, दिसणार नाही. हे बघ, भोक मोठं झालं.”

“नाही झालं.”

“माझं पोट आहे, मला कळतं. टाक ती. दुसरी घे.”

“एक वाया जाईल.”

“जाऊ दे. डबा भरलेला आहे. दुसरी घे.”

रीनाने ट्रे टेबलावर ठेवला, आम्हा दोघांना चहा दिला आणि उरलेल्या दोन कपांवर बशा झाकल्या.